औस्मा तण राखते

शेजाऱ्याला नावे ठेवण्याचा हक्क माणसाला वर्षातून एकदाच असावा आणि तो गाऊनच बजावावा, अशी व्यवस्था ज्यांनी लावली त्यांना मनुष्यस्वभाव कळत नव्हता, असे कोणी म्हणू नये. रीगा शहरापलीकडच्या विद्झेमेच्या टेकड्यांत एरवी वर्षभर लोक एकमेकांना पाहून मान लववतात, कुंपणाशी उभे राहून हवेविषयी बोलतात आणि जे खरे बोलायचे असते ते पोटात ठेवून घरी जातात. मग जूनच्या अखेरीस, सूर्य मावळायचे नावच काढत नाही अशी लीगोची संध्याकाळ येते आणि ते पोटातले बाहेर काढावे लागते. ओकच्या पानांचे आणि रानफुलांचे मुकुट घालून गाव एका घराकडून दुसऱ्या घराकडे निघते. दाराशी उभे राहून घरच्या धन्याची आणि धनिणीची यथेच्छ टवाळी गाते: कोणाचे बीट तणात बुडाले, कोणाचे कुंपण कोणाच्या आळसामुळे वाकले, कोणाच्या बिअरमध्ये विहिरीचा वाटा अधिक आहे. धनीण तितक्याच तिखट ओळींनी उत्तर देते. मग शहाजिरे घातलेले चीज आणि घरची बिअर बाहेर येते, आणि मंडळी पुढच्या दाराकडे वळतात. सण यानिसच्या नावाचा, म्हणून त्या संध्याकाळी प्रत्येक घरची धनीण ही 'यानिसआई' असते आणि दाराशी आलेले सगळे, मग ते सत्तरीचे का असेनात, 'यानिसची लेकरे'. आईने लेकरांना खाऊपिऊ घालायचे आणि लेकरांनी आईला नावे ठेवायची, यात कोणाला काही विसंगत वाटत नाही. ज्यांच्या घरी खरीखुरी लेकरे आहेत त्यांना तर वाटण्याचे कारणच नाही.

या प्रथेला कोणी रानटी म्हणणार असेल, तर त्याने लीगोच्या आधीच्या आठवड्यात येथील शेते पाहावीत. कृषिखात्याची सारी पत्रके एकत्र करून जे साधत नाही, ते एका संभाव्य कडव्याच्या धाकाने साधते. गुडघे धरलेली माणसे वाकून खुरपत असतात. तण राहिले तर पीक बुडेल याची भीती कोणाला नसते. तण राहिले तर यमक जुळेल, याची असते.

ओझोली या घरच्या औस्माच्या शेतात मात्र तणाची काडी सापडत नसे. ही गोष्ट तिच्या कीर्तीची होती, तशीच गाणाऱ्यांच्या अडचणीचीही होती. परंतु दोष असेल तेथे तो कोणालाही दिसतो. नसेल तेथे तो निर्माण करण्याला प्रतिभा लागते, आणि शेजारचा ब्रूनो प्रतिभावान होता. एका वर्षी त्याने तिच्या गाजरांवर कडवे रचले, की शाळामास्तर मेल्यावर औस्माच्या वाफ्यात जन्म घेतात, त्याखेरीज रांग इतकी सरळ राहायची नाही. दुसऱ्या वर्षी तिच्या कुत्र्यावर रचले, की तो भुंकण्यापूर्वी पाय पुसतो. औस्मा प्रत्येक कडव्याला कडवे परत करी. तिचा नवरा यानिस पिंपाशी उभा राहून दोन्ही बाजूंना बिअर ओतत असे, आणि कोणाची बाजू घेणार असे कोणी विचारले की पेल्यातला फेस निरखत बसे. त्याचे नावच यानिस, म्हणजे तो दिवसच त्याच्या नावाचा. त्यामुळे गाव सर्वांआधी ओझोलीला येई आणि सर्वांत अधिक वेळ तेथेच रेंगाळे.

गेल्या शरद ऋतूत, सफरचंदे उतरवून झाल्यावर, यानिस वारला.

गाव चांगले आहे. गाव चांगले असले की दुःखी माणसाचे फार हाल होतात. ज्या बायका औस्माशी भांडल्याखेरीज दुकानातून परतत नसत, त्या तिला पाहताच रांगेतून बाजूला होऊ लागल्या. लोक तिच्याशी असे हळू बोलू लागले, की जणू आतल्या खोलीत कोणी झोपले आहे आणि ती व्यक्तीही औस्माच आहे. एकदा तिने दुकानात मुद्दामच विषय काढला.

"वेल्ता, हा पाव कालचा दिसतोय."

दुकानवाल्या वेल्ताने पूर्वी याला, "कालचा नव्हे, परवाचा, कालचा तुझ्या दातांना झेपायचा नाही," असे उत्तर दिले असते. आता तिने मान एका बाजूला कलती केली, "हो गं बाई, तुझंच खरं," म्हणाली, आणि पिशवीत आणखी एक पाव घातला. तोही कालचाच होता.

वेल्ताचे एक वेळ सोडून देता आले असते. ब्रूनोचे सोडता येईना. ओझोलीच्या आणि ब्रूनोच्या शेतांमध्ये एक चर आहे. तो कोणी उपसायचा यावर तीस वर्षे वाद चालला होता, आणि त्या वादाइतके जिव्हाळ्याने जोपासलेले दुसरे काही त्या दोन घरांत नव्हते. वसंतात बर्फ वितळल्यावर औस्मा कमरेवर हात ठेवून चराशी उभी राहिली आणि म्हणाली, "ब्रूनो, चर तुंबलाय. तुझ्या बाजूनं."

ब्रूनोने टोपी काढली. "तू म्हणशील तसं, औस्मा."

आणि तो खरोखरच फावडे घेऊन चर उपसू लागला. औस्मा घरी आली आणि अंगातला कोट न काढता बराच वेळ स्वयंपाकघरात बसून राहिली. यानिसला पुरले त्या दिवशी जे तिला वाटले नव्हते ते आता वाटले, की आपणही गेलोच आहोत. फक्त आपल्याला ते कोणी सांगितलेले नाही. जिवंत माणसाशी लोक वाद घालतात. ज्याचे सगळेच म्हणणे मान्य होते, त्याच्या उशाशी फुले ठेवण्याचेच काय ते बाकी असते.

तिने लीगोकडे डोळे लावले. त्या संध्याकाळी तरी कोणाला गत्यंतर नव्हते. दाराशी यावेच लागणार, तोंड उघडावेच लागणार, आणि एकदा ब्रूनोचे तोंड उघडले की पुढचे तिला ठाऊक होते.

मेच्या पहिल्या पंधरवड्यात सानिता आली. ही गावच्या संस्कृतिगृहाची प्रमुख. रीगाला जाऊन तिने लोकांशी संवेदनशीलतेने वागण्याचा अभ्यासक्रम पुरा केला होता, आणि तेव्हापासून तिच्याशी बोलताना प्रत्येकाला आपल्याला काहीतरी झाले आहे अशी शंका येत असे.

"औस्मामावशी, मी तुमचा वेळ घेणार नाही."

"घे की. तेवढाच उरलाय घरात."

सानिताने आवाज आणखी खाली आणला. "यंदा लीगोला आम्ही असं ठरवलंय, की तुमच्या दाराशी टोमणे नकोत."

"कोणी ठरवलं?"

"समितीनं. एकमतानं."

"ब्रूनो होता?"

"सगळ्यांत आधी त्यांनीच हात वर केला."

औस्माने हातातले भांडे पालथे घातले. "मग माझ्या दाराशी येऊन करणार काय? उभं राहणार?"

"एक शांत गाणं म्हणू. गौरवाचं. तुमच्या कष्टांचं."

"आणखी कोणाचा गौरव आहे?"

"एगिल्सकाकांचा. यंदाची सगळी बिअर त्यांच्या डेअरीतर्फे आहे ना. मग त्यांच्या चीजवर बोलणं बरं दिसणार नाही."

"म्हणजे ज्याचं माणूस मेलं तो, आणि ज्याचं चीज मेलेलंच असतं तो. दोघांना एकच गाणं की वेगवेगळी?"

सानिताने अभ्यासक्रमात शिकवल्याप्रमाणे श्वास सोडला, औस्माच्या हातावर हात ठेवला आणि जाताना एक रंगीत पत्रक मेजावर ठेवून गेली. 'वर्षातील सर्वांत मोठा दिवस साजरा करण्याचे सोपे मार्ग' असा त्याचा मथळा होता. पहाटेच्या दवात तोंड धुवावे. एखादी हिरवी फांदी घरात आणून तिच्याशी मनातले बोलावे. ज्या गोष्टीचे ओझे वाटते ती अग्नीला अर्पण करावी. औस्माने पत्रक दोनदा वाचले आणि चुलीत टाकले. शेवटची सूचना तेवढी तिला पटली होती.

नंतर तिने विचार केला, आणि तिचा विचार तिच्या गाजरांसारखाच सरळ रेषेत चालत असे. समितीने ठराव केला खरा. परंतु ठराव माणसे पाळतात, आणि माणसांच्या जिभेला मर्यादा आहेत. स्वच्छ शेतासमोर गप्प राहणे ब्रूनोला जमेल. कमरेएवढ्या तणासमोर जमणार नाही. तण पाहून गप्प बसलेला गायक या मुलखात अजून कोणी पाहिलेला नाही. तेव्हा तण हवे होते. दुसऱ्या दिवसापासून औस्माने खुरपे खुंटीवर टांगले आणि जन्मात प्रथमच तण राखायला घेतले.

तण राखणे हे वाचकाला वाटते तितके सोपे नाही. ज्या हातांनी पन्नास वर्षे उपटले त्यांना न उपटण्याची शिकवण देणे म्हणजे कुत्र्याला मांजराशी सभ्यपणे वागायला लावण्यासारखे आहे. पहिले काही दिवस ती शेताकडे पाठ करून बसली. नंतर ती शेताच्या कडेने फिरू लागली, परंतु हात पाठीमागे एकमेकांत गुंतवून, कैद्यासारखी. रानचाकवत फोफावला, गवताने वाफ्यांच्या कडा बुजवल्या, जांभळ्या बोंडांचे काटेरी तण छातीपर्यंत आले. एका सकाळी चहाआधी डोळे पुरते उघडायच्या आत ती बाहेर आली आणि भानावर आली तेव्हा तिच्या मुठीत एक भले मोठे काटेरी रोप मुळासकट होते. तिने चोरासारखे इकडेतिकडे पाहिले, खड्डा केला, रोप परत लावले, भोवतीची माती दाबली आणि सवयीने त्याला झारीभर पाणीही घातले. त्या रोपाने पुढे फार चांगले बाळसे धरले.

परंतु गाव चांगले आहे, हे आधी सांगितलेच आहे. लीगोला दोन दिवस राहिले असता ब्रूनो, वेल्ता आणि सानिता खुरपी घेऊन फाटकातून आत आली. मागून आणखी चारपाच जण होते.

"बाजूला हो, औस्मा," ब्रूनो म्हणाला. "आम्ही उरकून टाकतो. जेवणाच्या आत होईल."

औस्मा वाफ्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. "तणाला हात लावायचा नाही."

"अगं, यात बीट कुठं आहे तेच दिसत नाही."

औस्माच्या चेहऱ्यावर क्षणभर आशा उमटली. हे वाक्य टोमण्याच्या अगदी उंबरठ्यावर आले होते. "दिसत नाही," ती म्हणाली. "बरं. मग? पुढं बोल."

"पुढं काय?"

"बीट दिसत नाही म्हणालास. एवढ्यावर थांबलास कधी आजवर? काहीतरी म्हणणार होतास."

ब्रूनोने आपल्या बुटांकडे पाहिले. त्याच्या घशातून काहीतरी वर आल्याचे आणि त्याने ते गिळल्याचे स्पष्ट दिसले. "काही नाही. तुला ठेवायचं असेल तर राहू दे."

"मला वाटतं, आपण थोडं मागं व्हावं," सानिता सर्वांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली. "मावशी आपल्या दुःखाला रूप देताहेत. आणि तसंही हे मधमाश्यांना फार चांगलं."

वेल्ताने कनवाळू चेहरा करून डोळे टिपले. सगळी मंडळी चवड्यांवर चालत परत गेली, आणि जाताना शेवटच्या माणसाने फाटक असे लावले, की कडीचा आवाजसुद्धा होऊ नये.

आता औस्माला राग आला. इतके दिवस ती नुसती एकटी होती. आता ती चिडलेलीही होती, आणि त्यामुळे तिला पुष्कळ बरे वाटू लागले. तण पुरत नसेल तर आणखी आहे, असे तिने ठरवले. फाटकाला बर्चच्या फांद्या बांधायच्या, त्या तिने बांधल्या नाहीत. अंगण झाडले नाही. गोठ्याकडे तर ती केवळ धारेपुरती जात होती, शेणाला हात लावत नव्हती, आणि येताना त्या दिशेला पाहायचेही टाळत होती. सर्वांत शेवटी तिने जे केले त्याला त्या गावात शब्द नाही. ती दुकानात गेली आणि लीगोसाठी चीज विकत मागितले.

वेल्ताचा हात सुरीवरच राहिला. ओझोलीचे चीज म्हणजे दह्याच्या चक्क्यात शहाजिरे पेरून, फडक्यात बांधून, दगडाखाली रात्रभर दाबलेले. त्याची फोड चर्चच्या पाद्र्याने दुसऱ्यांदा मागितल्याचे लोकांना आठवत होते.

"कोणासाठी गं?" वेल्ताने विचारले.

"यानिसच्या लेकरांसाठी. एगिल्सचंच दे. ते, खिडकीत कधीपासून आहे ते."

वेल्ता काही बोलणार होती. तिचे ओठ हललेही. परंतु समितीत तिनेही हात वर केला होता. तिने चीज कागदात गुंडाळले आणि म्हणाली, "चांगलं असतं एगिल्सचं. टिकतं."

लीगोच्या संध्याकाळी ऊन अजून पिवळे असतानाच अकॉर्डियनचा आवाज टेकडीवरून खाली उतरू लागला. औस्मा पायरीवर उभी राहिली. मुकुट तिने घातला होता, कारण तेवढे न घालण्याइतकी ती अजून बिघडली नव्हती. मंडळी फाटकातून आत आली. बर्चची फांदी नसलेल्या फाटकाकडे सगळ्यांनी पाहिले आणि कोणीच पाहिले नाही. तणाकडेही तसेच पाहिले. काटेरी तण आता ब्रूनोच्या खांद्याला लागत होते. सानिताने हात वर केला, आणि साखरेच्या पाकासारखे काहीतरी हवेत पसरू लागले.

"ओझोलीच्या मळ्यात बाई उंच उंच हिरवाई, लीगो, लीगो,
मधमाश्यांची पंगत बसली, धन्य यानिसआई, लीगो."

औस्मा चीज घेऊन आली. तिने जाड फोडी करून स्वतः प्रत्येकाच्या हातात ठेवल्या आणि समोर उभे राहून चावताना पाहिले. चावणे बराच वेळ चालले. डेअरीवाला एगिल्स तेवढा प्रसन्न दिसत होता; त्याने स्वतः फोड घेतली नव्हती. अखेरीस गिळून मोकळे झालेले काही जण गाऊ लागले.

"चीज मांडलं यानिसआईनं, पिवळं आणि गोल, लीगो, लीगो,
फोडीमागे फोड वाटली, भरली सारी ओल, लीगो."

रंग पिवळा आणि आकार गोल होता, यात वाद नाही. त्या चीजविषयी याहून अधिक सत्य आणि सौजन्य एकाच ओळीत बसवणे कोणालाच शक्य नव्हते. 'ओल' कशासाठी आली हे रचणाऱ्यालाही सांगता आले नसते. लबाडी करायला बसलेल्या कवितेत यमकाचे असेच हाल होतात.

गाणे संपले. सानिताने समाधानाने सभोवार पाहिले आणि अकॉर्डियनवाल्याला पुढच्या घराची खूण केली. मंडळी वळू लागली. औस्माला समजले, की आता ही पाठ फिरली की फिरली. पुढच्या वर्षी समिती बसणारही नाही; गौरवाचे गाणे हा ओझोलीचा रिवाज होऊन जाईल, आणि तिला आणखी जितकी वर्षे जगायचे असेल तितकी वर्षे लोक दर उन्हाळ्याला येऊन तिचे श्राद्ध घालून जातील.

"थांबा," ती म्हणाली. "यानिसआईचं उत्तर राहिलं."

हा तिचा हक्क होता, आणि तो काढून घेण्याचे समितीला सुचले नव्हते. मंडळी थांबली. औस्माने हात पोटाशी बांधले आणि पहिली सानिताच घेतली.

"सानिताच्या समितीत ठराव झाला पास, लीगो, लीगो,
डासांनी चावण्याआधी परवानगी घ्यावी खास, लीगो."

मागच्या बाजूला कोणीतरी खोकले. टोमण्याला उत्तर दिले नाही तर तो खरा धरला जातो, हा नियम तेथे सर्वांना ठाऊक आहे. सानिता मात्र हसून मान डोलावत राहिली. औस्मा एगिल्सकडे वळली.

"एगिल्सच्या चीजचा बाई काय सांगू थाट, लीगो, लीगो,
बुटाला त्याचा तळ लावला, झिजली फक्त वाट, लीगो."

आता खोकला पुष्कळांना झाला. एगिल्सने शेजाऱ्याच्या कानाशी तोंड नेले. "उत्तर द्यायचं असतं ना? मला कोणीतरी दोन ओळी सांगा की."

"नको," सानिता कुजबुजली. "शोकात माणसं असं करतात. कोणी उत्तर देऊ नका. त्यांना मोकळं होऊ द्या."

"मी मोकळीच आहे, पोरी," औस्मा पायरीवरून म्हणाली. "तू जरा मोकळी हो." आणि तिने ब्रूनोच्या डोळ्यांत पाहिले.

"ब्रूनोच्या कुरणात बाई गवताला आली दाढी, लीगो, लीगो,
विळ्याला धार लावायला तो अजून मुहूर्त काढी, लीगो."

ब्रूनोची मान लाल झाली. कुरण खरोखरच कापायचे राहिले होते, आणि त्याचे कारण त्याच्याजवळ होते, आणि ते कारण दोन ओळींत बसतही होते. हे सगळे त्याच्या चेहऱ्यावरून वाचता येत होते. त्याने तोंड उघडले. मग त्याने तोंड मिटले, टोपी काढली आणि म्हणाला, "छान गायलीस, औस्मा."

टोपी काढलेला ब्रूनो औस्माने एकदा कबरीपाशी पाहिला होता आणि एकदा चराशी. हे तिसऱ्यांदा होते, आणि चौथ्यांदा पाहण्याची तिची तयारी नव्हती. तिच्याजवळ आता एकच माणूस उरला होता ज्याच्याविषयी अजून काही बोलले गेले नव्हते. ती गायली तेव्हा तिचा आवाज आधीइतका उंच नव्हता, परंतु शब्दन् शब्द ऐकू आला.

"यानिस माझा आळशी मोठा, ऐन कामात झोपला, लीगो, लीगो,
बीट टाकलं तणात अन् मातीत जाऊन लपला, लीगो."

अकॉर्डियनच्या भात्यातून उरलेली हवा आपोआप बाहेर पडली; तेवढाच काय तो आवाज झाला. वेल्ताने हात तोंडावर ठेवला. सानिता औस्माला सावरायला पुढे झाली. ब्रूनोने मात्र हात आडवा घालून तिला थांबवले. तो विचार करीत होता, आणि त्याचा विचार त्याच्या ओठांवर दिसत होता. नियम नियम होता. टोमण्याला उत्तर मिळाले नाही तर तो खरा धरला जातो, आणि ज्याला टोमणा मारला होता त्याला आता उत्तर देता येण्यासारखे नव्हते. यानिस आळशी होता, असे गावासमोर ठरून जाणार होते. ब्रूनोने त्याच्याबरोबर चाळीस उन्हाळे गवत कापले होते. त्याने टोपी डोक्यावर घट्ट बसवली, पाय रोवले आणि लाल झालेल्या गळ्यातून गाऊ लागला.

"झोपला कुठला यानिस, बाई, पळून गेला राती, लीगो, लीगो,
जन्मभर तू बसू दिलं नाहीस, तुझ्याहून मऊ माती, लीगो."

हे इतके भयंकर होते, की अंगणातल्या एकाही माणसाला काय करावे ते कळेना. एकाने मुकुट काढून हातात धरला. सानिताचा चेहरा तर असा झाला, की जणू तिचा अभ्यासक्रम तिच्या डोळ्यांदेखत कोणी नदीत सोडला असावा. औस्मा ब्रूनोकडे पाहत होती. मग तिचे हात पोटावरून सुटले आणि कमरेवर गेले, आणि ज्यांना ती ठाऊक होती ते सगळे नकळत एकेक पाऊल मागे सरकले.

"बसायचे तुम्ही दोघे टेकून पिंपाला पाठी, लीगो, लीगो,
घरी आणायला मलाच यावं लागे घेऊन काठी, लीगो."

"काठी नव्हती ती," ब्रूनो गाणे सोडून म्हणाला. "फावडं होतं. माझ्या पाठीला अजून आठवतंय."

"पाठ कसली? काम केलेल्या माणसाला पाठ असते."

"तुझ्या बीटांना विचार काम कोणी केलं ते. सापडली तर."

पहिल्यांदा हसली ती वेल्ता. ती हसली ती मोठ्यानेच हसली आणि हसता हसताच तिला जाणवले, की नुसते हसून भागणार नाही. विकलेले चीज तिच्या मनावर दोन दिवस बसून होते. तिने कोपराने वाट काढली.

"ओझोलीच्या रानात बाई पोस्टमन हरवला, लीगो, लीगो,
शोधायला गेला पाद्री, तोही नाही परतला, लीगो."

मग बांध फुटला. समितीतले सगळे हात आता वेगळ्याच कामाला लागले. कोणी अंगणावर गायले, की कोंबड्यांनी तेथे अंडी घालायचे नाकारले आहे. कोणी फाटकावर गायले. काटेरी तणाला ग्रामसभेत जागा द्यावी, कारण गावात त्याच्याइतके ताठ कोणी नाही, असे एका म्हाताऱ्याने सुचवले आणि त्याला टाळ्या मिळाल्या. औस्मा एकेकाला घेत होती, परतवत होती. एकाचे कुंपण, दुसऱ्याची बिअर, तिसऱ्याचा घोड्यापेक्षा मंद असलेला जावई. तिचा मुकुट एका कानावर आला होता. एगिल्स अजून आपल्या दोन ओळी मागत फिरत होता, आणि ज्याच्याकडे मागाव्यात तो त्याच्यावरच दोन ओळी रचून देत होता. ब्रूनो पायरीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. तो कडवे संपवून दम घ्यायला थांबे तेव्हा औस्मा त्याला पेला भरून देई, आणि पेला देतानाच त्याचे पुढचे कडवे किती लंगडे असेल ते सांगे.

सानिताने दोनदा, "मंडळी, सद्भावनेनं," असे म्हणून पाहिले. मग तिला दिसले, की औस्मा एप्रनच्या टोकाने डोळे पुसते आहे, पुन्हा पुसते आहे, आणि थांबत नाही. ती धावत पायरीवर आली.

"मावशी, थांबवू का त्यांना? फार होतंय. मी सांगते, आता पुरे म्हणून."

"खबरदार," औस्मा नाक ओढत म्हणाली. "आत्ता कुठं चीजपर्यंत आलेत. गोठा अजून कोणी पाहिलाही नाही."

आणि कोणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून ती पायरी उतरली, गर्दीतून वाट काढत गेली आणि गोठ्याची दोन्ही दारे सताड उघडून आली.